पाळण्याचं बूड

१

दुपारचं जेवण झालं की मी ओट्यावर दाराकडं पाठ करून बसतो. मंजुळाबाई होती तेव्हापासूनची ही सवय.

मंजुळाबाई माझी बायको. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अलीकडं माळावर आमचा तांडा आहे. तांड्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना ती गोंदून द्यायची. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, एवढंच तिचं हत्यार. बायका आत बसायच्या. कुणाचा दंड उघडा, कुणाची हनुवटी वर केलेली. पुरुषानं तिकडं बघायचं नाही, म्हणून मी बाहेर. माझं काम शाईचं. करडईच्या तेलाचा दिवा लावायचा, त्यावर मातीचं परळ पालथं धरायचं, धरलेली काजळी माक्याच्या रसात खलायची आणि डबीत भरायची. आतून "हं" असा आवाज आला की मी न वळता डबी मागं धरायचो. ती डाव्या हातानं घ्यायची, कारण उजव्यात सुई असायची.

तिचा डावा अंगठा चपटा होता. लहानपणी जात्याखाली सापडला, तेव्हापासून त्याला नख आलं नाही. त्याच अंगठ्यानं आणि शेजारच्या बोटानं ती बायकांची कातडी ताणून धरायची. कातडी ताणली तरच ठिपका नीट बसतो. ढिल्या कातडीत सुई गेली की शाई फुटते. हे मी डोळ्यांनी कधी बघितलं नाही, पण ऐकून मला सगळं कळायचं. ढिल्या कातडीचा आवाज चिखलात बोट रुतावं तसा. ताणलेल्या कातडीचा बारीक, कोरडा, वाळलेली शेंग फुटावी तसा. तसा आवाज यायला लागला की मला बरं वाटायचं.

ती काविळीनं गेली. तिच्यामागं मी शाई करायचं सोडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, दिवा तर लावावाच लागतो, मग काजळी वाया काहून घालवायची? डबी भरली की झाकण लावून फळीवर ठेवायची. तिथं अशा बऱ्याच डब्या झाल्या होत्या.

२

विकास माझा पोरगा, मिना माझी सून. आमी घरात आमच्या बोलीत बोलतो, इथं मी ते मराठीत सांगतो आहे.

दिवाळी झाली की दोघं ऊस तोडायला जायचे. तिकडं फडातल्या पालात त्यांचं पहिलं लेकरू तापानं गेलं. पुढं दुसरी पोरगी झाली. बाळंतपणातून उठल्यावर मिना विकासला एवढंच म्हणाली, "हिला मी फडात नेणार न्हाई. इथं बसून जे काम होईल ते करीन, पण ही पोरगी आन् मी इथून हलणार न्हाई."

इथं बसून होणारं काम विकासनंच आणलं. हळदीच्या ट्रकवर हमाल म्हणून तो हैदराबादला गेला होता, तिथून एक खोका घेऊन आला. घरी गोंदायची मशीन.

"नवशिक्यासाठी हाय," तो म्हणाला. "स्वस्तातली हाय म्हणा. कशी हाय ते तुमी बघा बापू. तुमाला यातलं कळतं."

"मला ऐकायचं कळतं," मी म्हणालो. "बघायचं तुझ्या आईला कळायचं."

"मग ऐका! कानानं तर कानानं."

खोक्यात काळ्या स्पंजात खाचा पाडून एकेक वस्तू बसवली होती. लोखंडी मशीन, हातात हलकी. विजेचा एक डबा, त्याला कमी-जास्त करायची खुंटी. पायानं दाबायची पट्टी. वायरी. पाकिटात बंद केलेल्या सुया, रंगांच्या इवल्याशा बाटल्या. आणि सराव करायला अंगाच्या रंगाच्या रबराचा एक चौकोनी तुकडा. तो हातात घेतला तर उगीच अंगावर काटा आला. माणसाच्या कातडीसारखा मऊ होता.

मिना घरात बसली, मी ओट्यावर नेहमीसारखा पाठ करून. त्या वेळी लाईट होती. त्या साली आमच्याकडं दिवसातून लाईट असण्यापेक्षा नसण्याचाच वेळ जास्त. तिनं दुधी भोपळा मांडीवर घेतला आणि मशीन चालू केली. भुंगा डब्यात कोंडावा तसा आवाज.

"सुई डुलून राहिली," मी म्हणालो.

"व्हय बापू, डुलतीय. रेघ सरळ येईना."

मग पुसेगावहून धम्मानंदला बोलावलं. तो रेडिओ, पंखे, मोटारी दुरुस्त करतो. त्याच्या आईच्या, चांगुणाबाईच्या, हातावर मंजुळाबाईनंच गोंदलं होतं, त्यामुळं तो घरातल्यासारखा. त्यानं मशीन उघडली, फुंकर मारली, सुईच्या दांडीला रबर गुंडाळलं आणि चालवून बघायला ती आत मिनाकडं दिली.

"माल हलका हाय काका," तो म्हणाला. "डबा गरम व्हतो, खुंटी घसरती. काळा रंग तर बघा, वांगी रंगाचा उतरून राहिला. पण सुया चांगल्या हाईत. वहिनी, एक ध्यानात ठेवा, दरेक बाईला नवी सुई. एकीची दुसरीला लावायची न्हाई, कायबी झालं तरी."

"न्हाई लावणार," मिना आतून म्हणाली.

तेवढ्यात माझी भावजय निर्मलाबाई हंडा घेऊन समोरून चालली होती. ती थांबली. तिला थांबायला कारण लागत नाही.

"मशीन हैदराबादची आणा न्हाईतर विलायतेची," ती म्हणाली. "आधी सुनेला सांगा, स्वतःच्या हाताकडं बघ म्हणावं. पाळण्याला बूड न्हाई, आन् निघाली दुसऱ्याला गोंदायला! कोण हात देणार हिला?"

आतली मशीन बंद झाली.

निर्मलाबाई खोटं बोलली नव्हती. लग्न होऊन मिना घरात आली तेव्हा मंजुळाबाईनं तिच्या डाव्या मनगटाच्या वर पाळणा गोंदायला घेतला होता. हात सुजू नये म्हणून ती मोठं गोंदण दोन बैठकांत करायची. पहिल्या बैठकीत पाळण्याच्या दोऱ्या झाल्या. खालचं बूड, जिथं लेकरू निजतं ते, हात बरा झाल्यावर करायचं होतं. त्याआधीच ती गेली. आमच्याकडं एका हातानं मांडलेलं गोंदण दुसरा हात पुरं करत नाही. मांडणारा गेला असेल तर त्याहून नाही. अर्ध्या गोंदणाची बाई मेलेल्याच्या धाग्याला बांधलेली असते, आज ना उद्या त्याच्या मागं जाते, असं जुन्या बायका म्हणत. पहिलं लेकरू गेलं तेव्हा तांड्यात सगळ्यांनी मिनाच्या हाताकडं बघितलं होतं.

मीही बघितलं होतं.

३

मिनानं त्या रबराच्या तुकड्यावर सराव सुरू केला. सरळ रेघा, गोल, ठिपक्यांच्या ओळी. लाईट असेल तेव्हा करायची आणि मला दाखवायला ओट्यावर आणून ठेवायची. हात चांगला होता तिचा. मी सांगायचो, "ही ओळ घाईत झाली." ती पदराआडून हसायची. "तुमी पाठ करून होता, तरी कळलं?"

एका दुपारी तुकडा बघत होतो, तर कोपऱ्यात एक ठिपका वेगळा दिसला. बाकीचे वांगी रंगाचे. हा हिरवट होता.

मला तो रंग ओळखू येतो. काजळीची शाई अंगात उतरली की काळी दिसते. वर्षं गेली, ऊन-पाऊस गेला, बाई म्हातारी झाली की ती अशी हिरवी होते. हा ठिपका नवा असून म्हातारा होता.

मी मनात म्हणालो, बाटलीतला रंगच असा असेल. हलका माल. कुठं कमी-जास्त मिसळला असेल. बोटानं पुसून बघितला. तो गेला नाही, पण बोट पिवळं झालं. हळद. मंजुळाबाई गोंदून झालं की त्यावर हळद चोळायची.

"मिना, यावर हळद लावली व्हती का?"

"रबराला कशाला हळद लावीन बापू?"

आमच्याकडं हळद कुठं नसते? हिंगोलीच्या बाजारातून आलेल्या माणसाचे कपडे झटकले तरी भाजीला पुरेल एवढी निघते. विकासच्या हाताची लागली असेल. मी मनाला तसं समजावलं आणि तुकडा परत दिला.

दुसऱ्या दिवशी हिरवे ठिपके जास्त होते. ओळीनं नव्हते, अर्धगोल वळत चालले होते. मी मिनाला विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. पण भाकरी वाढताना तिचा हात पुढं आला तेव्हा मनगटावरच्या जुन्या दोऱ्या फुगलेल्या दिसल्या, आदल्या दिवशी गोंदाव्या तशा. ती सारखी तिथं खाजवत होती. तिचं जेवण तुटलं होतं. वाळली होती. पोरीला झोळीत घालताना एक चाल गुणगुणत होती. मंजुळाबाई सुई टोचताना गुणगुणायची ती चाल. बाईचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून ती गुणगुणायची.

मिनानं दोऱ्या गोंदून घेताना ऐकली असेल. ऐकली असेलच. पण त्या दुपारी मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

४

त्यानंतरची गोष्ट भर दुपारची. लाईट सकाळीच गेलेली. विकास हळद शिजवायच्या कामाला पुसेगावला गेला होता. तांडा निजलेला. माळावर ऊन असं पडलं होतं की कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नव्हतं. मी ओट्यावर होतो.

आतून मशीनचा आवाज आला.

मला वाटलं मिना सराव करते आहे. बसलो ऐकत. आवाज आधीसारखा डब्यात कोंडलेला नव्हता, सुई सरळ चालत होती. आणि मग ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की आवाज मधे थांबतो आहे. थोडं चालतो, थांबतो. शाई पुसून व्हावी एवढंच थांबतो, परत चालतो. मिना अशी थांबत नाही. ती ओळ संपेपर्यंत चालवते.

अशी थांबणारी बाई मला एकच ठाऊक होती.

मी समोर बघितलं. समोर उतारावर हापसा आहे. हापशावर मिना होती, पाणी भरत होती. हँडलची कुईकुई मला ओट्यावर ऐकू येत होती. त्याच वेळी माझ्या पाठीमागं, घरात, मशीन चालू होती. आणि घरात त्या वेळी झोळीतल्या पोरीशिवाय कुणी नव्हतं.

लाईट आली असेल, पट्टीवर उंदीर बसला असेल, असं मी स्वतःला सांगत उठलो.  दारात गेलो तेव्हा आवाज बंद झाला.

आत अंधार आणि गारवा. झोळी हळूहळू हलत होती. पोरगी जागी होती. रडत नव्हती. मान थोडी वर करून कुणाच्या तरी तोंडाकडं बघावं तसं बघत होती, आणि तिचे ओठ हसू येण्याआधी हलतात तसे हलत होते. खोक्याची वायर गुंडाळलेली, भिंतीवरच्या बोर्डापासून लांब. मी मशीनला हात लावला. लोखंड ऊन लागत होतं.

रबराचा तुकडा खाली पाटावर होता. त्यावर हिरव्या ठिपक्यांनी पाळण्याचं बूड पुरं झालं होतं. वर दोऱ्या नव्हत्याच. नुसतं बूड, आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोरी बांधायला सोडलेली जागा. मिनाच्या मनगटावर जिथं दोऱ्या संपत होत्या, तिथं ते बराबर बसलं असतं.

मला वाटलं, ती मिनाला न्यायला आली.

इतकी वर्षं मी त्या बाईची वाट बघितली आणि ती आली तर मला भीती वाटली. पण पोरगी त्या झोळीत होती आणि तिची आई समोर उतारावरून डोक्यावर हंडा घेऊन येत होती. मी तुकडा गुंडाळून खोक्यात कोंबला.

"मशीनचा आवाज नीट न्हाई," मी मिनाला म्हणालो. "धम्मानंदाला दाखवून आणतो."

तिनं माझ्याकडं बघितलं.  मग म्हणाली, "दाखवा."

५

धम्मानंदला मी खरं ते सांगितलं. तो माझ्यासारखा अडाणी नाही, त्यानं हिंगोलीला राहून कोर्स केला आहे. त्यानं हसण्यावारी नेलं नाही. मशीनचा प्रत्येक भाग सुटा केला.

"काका, यात तांब्याची तार हाय, लोखंड हाय, स्प्रिंग हाय. याशिवाय काही न्हाई. करंट न्हाई तर हे हलणारबी न्हाई. ठेवा माझ्यापाशी. वहिनीला सांगा, पार्ट मागवला म्हणून. थोडे दिवस जाऊ द्या, तुमच्या मनातलं निघून जाईल."

मला हलकं वाटलं. घरी येताना वाटेत पळसाखाली बसून बिडी ओढली.

पण थोडे दिवस गेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी धम्मानंद सायकलवर खोका बांधून तांड्यावर आला. चहा नको म्हणाला. खोका ओट्यावर ठेवला आणि रुमालानं हात पुसत उभा राहिला.

"काय झालं?"

"काही न्हाई. बिघाड काही न्हाई, तेच सांगायला आलो."

"धम्मानंद, आमी तुला लहानपणापासून बघून राहिलो. तुला खोटं बोलता येत न्हाई."

तो खाली बसला. "दुकानाला कुलूप लावून मी जेवायला गेलो होतो काका. आई पाठीमागच्या खोलीत होती. येऊन बघतो तर आई दुकानात, खोक्यापुढं बसलेली. तुमाला ठाऊक हाय तिला दिसत न्हाई आता. म्हणलं, आई, इथं काहून बसलीस? तर म्हणती, मंजुळाबाई आली ना, आवाज आला. आन् तिनं हात असा पुढं केला होता." त्यानं आपला हात उताणा करून दाखवला. "बाया गोंदायला धरतात तसा. मी म्हणलं, आई, घरात चल. तर म्हणती, थांब रे, तिनं धरलाय."

मी खोका ओट्यावर जरा लांब सारला.

"भ्याली का ती?" मी विचारलं.

"तेच तर, काका. मी भ्यालो. ती न्हाई. ती कवाची अशी हसली नव्हती." तो उठला. "मला याचा अर्थ लागत न्हाई आन् मी लावणारबी न्हाई. तुमचं तुमच्यापाशी असू द्या."

तो गेल्यावर बघतो तर मिना दाराच्या आत उभी. पोरगी कडेवर. सगळं ऐकलं होतं तिनं.

"बापू," ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. पहिल्या ठिपक्यापासून ठाऊक हाय."

"मग बोलली काहून न्हाई?"

"तुमी भ्याला असता."

"भ्यालोच. ती तुला न्यायला आली असंल तर?"

मिनानं पोरीचं डोकं खांद्यावर घेतलं. आमच्याकडं सून सासऱ्याशी असं तोंडावर फार बोलत नाही. पण त्या दिवशी ती बोलली.

"न्यायला आली असती तर माझ्यापाशी आली असती. ती झोळीपाशी येती बापू. मी हापशावर गेले, शेतात गेले, की येती. पोरगी भुकेनं रडत असंल म्हणून मी पळत येते, तर ही हसून राहिलेली. झोळी हलवलेली. मेलेली बाई रोज येऊन माझं लेकरू सांभाळती आन् मी तिचा पाळणा अर्धा ठेवू?"

"दुसऱ्या हातानं पुरा करत न्हाईत, मिना."

"दुसऱ्या हातानं कुठं? आकार तिनंच मांडून दिलाय."

"आन् कातडी कोण ताणून धरणार? तुझा डावा हात गुडघ्यावर, उजव्यात मशीन. कुणीतरी धरायला पायजे."

ती थांबली.  विकासला रक्त बघितलं की घेरी येते. तांड्यातली एकही बाई त्या हाताला शिवायला तयार नव्हती. आणि सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा नाही, ही रीत माझ्या बापाच्याही आधीची.

"बघू," ती म्हणाली. "पण केल्याशिवाय मी ऱ्हाणार न्हाई. ऊसतोडीचा मुकादम येऊन राहिला बापू. माझ्या हाताला काम न्हाई लागलं तर पुन्हा फड आहेच."

मी तिच्याकडं बघितलं. मग झोळीकडं. मग उठून फळीवरची एक डबी काढली. सगळ्यात जुनी. झाकण घट्ट बसलं होतं, गुडघ्यात धरून उघडलं. शाई वाळली होती. मी त्यात माक्याचा रस घातला आणि खलायला बसलो.

"बाटलीतला रंग घेऊ नको," मी म्हणालो. "वांगी उतरतो."

६

तिनं दुपारच धरली. धम्मानंदनं सांगितल्यासारखी सुई नवी, पाणी उकळलेलं. पोरगी झोळीत. मी ओट्यावर, दाराकडं पाठ करून. मशीन चालू झाली, डब्यात कोंडलेला भुंगा. आणि मग कातडीचा आवाज आला.

चिखलात बोट रुतावं तसा.

 कातडी ढिली होती. आतून मिनानं श्वास ओढलेला ऐकू आला. परत प्रयत्न केला, परत तोच आवाज. ठिपका फुटणार, हात सुजणार, पाळणा बिघडणार. "थांब," असं मी म्हणणार होतो.

तेवढ्यात लाईट गेली. समोरच्या घरातला पंखा घरघरत थांबला. शेजारी टेपवर लावलेलं गाणं मधेच तुटलं. सगळा तांडा एकदम शांत झाला.

आमच्या घरातली मशीन थांबली नाही.

उलट आवाज बदलला. थोडं चालायचं, थांबायचं. थोडं चालायचं, थांबायचं. आणि सुई खाली येईल तेव्हा बारीक, कोरडं, वाळल्या शेंगेसारखं.

आयुष्यभर मी ज्या दाराकडं पाठ केली, त्याच्याकडं त्या दुपारी मी वळलो. क्षणभरच. मिना भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे मिटलेले. डावा हात गुडघ्यावर, उजव्यात मशीन. मनगटाच्या वर तिच्या कातडीत दोन खळगे पडले होते, कुणी दोन बाजूंनी दाबून ताणावं तसे. त्यातला एक बोटाएवढा. दुसरा रुंद, चपटा, आणि त्याच्या टोकाला नखाचा ओरखडा नव्हता.

वर कुणी नव्हतं. नुसते खळगे. आणि मिनाच्या कपाळावरचे केस कुणाच्या तरी श्वासानं हलावेत तसे हलत होते.

मी तोंड फिरवलं. बायकांच्या कामात पुरुषानं बघायचं नाही. समोरचा माळ, हापसा, ऊन, सगळं पाण्यातून बघावं तसं दिसत होतं. मी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि ऐकत बसलो.

बऱ्याच वेळानं मशीन थांबली. आतून मिना बारीक आवाजात म्हणाली, "याडी." आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. सासूलाही तेच.

मग हळदीचा वास आला.

७

हात सुजला नाही. खपली धरली, गळून पडली. खाली पाळणा पुरा. मला जे ठाऊक होतं तेच झालं, बूड पहिल्या दिवसापासून हिरवं होतं. दोऱ्या आणि बूड एकाच दिवशी, एकाच हातानं केल्यासारखं. मिनाची खाज गेली. ती जेवायला लागली.

निर्मलाबाई मुद्दाम बघायला आली. तिनं मिनाचा हात उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, थुंकी लावून घासून बघितला.

"हे कोणी केलं?"

"मशीननं," मिना म्हणाली.

"मशीनला काय कळतंय!" निर्मलाबाई म्हणाली.  मग तिनं स्वतःची बाही वर केली. "माझ्या दंडावरचा विंचू पुसट झालाय. होईल का नीट? दुखवशील तर शिव्या देईन, सांगून ठेवते."

पुढं मुकादम आला तेव्हा विकास एकटाच ओट्यावर येऊन म्हणाला, या साली आमचं जोडपं धरू नका.

आता आमी जवळा बाजार या गावी बसतो. बाजारच्या दिवशी, कापसाच्या गाड्या लागतात त्याच्या पलीकडं, लिंबाखाली. धम्मानंदनं मशीन बॅटरीवर चालेल अशी करून दिली. मागं पडदा बांधला आहे, बायका त्याच्या आत. मी पडद्याबाहेर, पाठ करून. शाई माझी. पोरींना रंगीत फूल पाहिजे असतं, नाव पाहिजे असतं, तेव्हा बाटलीतलं. बाकी माझ्या डबीतलं.

मागच्या बाजाराची गोष्ट. ऊन फार होतं आणि आमच्या पोरीला दात येत होते, ती झोळीत राहीना. मिनानं तिला डाव्या हातानं छातीशी धरलं आणि समोरच्या बाईला म्हणाली, "बस बाई, काही हरकत न्हाई." पडद्याच्या फटीतून मला तेवढंच दिसलं, डाव्या हातात पोरगी, उजव्या हातात मशीन. मी नजर काढून घेतली.

मशीन चालू झाली. थोडं चालायची, थांबायची.

"ताई," ती बाई म्हणाली, "तुमचा हात किती गार हाय ओ. या उन्हात लई बरं वाटून राहिलं."

 पोरगी खुदकन हसली.

मग आतून "हं" आलं. शाई संपली असणार. मी डबीचं झाकण काढलं आणि न वळता मागं धरली. ती घेतली गेली. घेताना माझ्या तळव्याला एक अंगठा लागला. चपटा, नख नसलेला. घाईनं डबी घेणाऱ्याचा लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ तो तिथं राहिला.

मी वळलो नाही. समोर बाजार भरला होता. मी तसाच हात मागं ठेवून बसून राहिलो, डबी परत येईपर्यंत.